उलव्यात घर मिळत नाही

उलवे
श्रावण, मंगळवार

प्रिय सुशील,

एवढं दोनदा लिहून खोडलं. तेरा वर्षांत हा शब्द तुझ्यासाठी वापरलेला नाही. हे पत्र माझा भाऊ नितेश आणून देईल. गणपती पोचवायला त्याचा टेम्पो उद्या रोह्याला येतोय. फोन केला असता तर तू उचलला नसतास, आणि उचलला असतास तर मी भाषण केलं असतं. कागदावर निदान खोडता येतं.

मृणाली एकोणीस वर्षांची झाली. तुझ्यासारखीच डावखुरी आहे, आणि माझी आई अजून तिला पानावर बसलं की त्यावरून टोकते. एप्रिलपासून ती इथल्या नव्या विमानतळावर सामानाच्या विभागात लागली आहे. पहाटे पाचची शिफ्ट असते. कंपनीची गाडी फक्त उलव्यात फिरते, पेणकडे जात नाही. सहा महिने तिला पारखणार आहेत. तोवर तीनदा उशीर झाला की नाव कापतात. दोनदा झाला आहे. म्हणून घर उलव्यातच हवं, आणि याच महिन्यात हवं, कारण आताच्या घराचा अकरा महिन्यांचा करार संपतोय आणि मालकाच्या मुलाचं लग्न ठरलंय. आज अठरा तारीख.

एकवीस घरं पाहिली. पहिला प्रश्न सगळीकडे एकच, फॅमिली आहे का? मी आणि माझी मुलगी, असं सांगितलं की समोरचा माणूस माझ्या मागे जिन्याकडे बघतो, अजून कोणी वर येतंय का म्हणून. मग म्हणतो, म्हणजे फॅमिली नाही. मी विचारते, मग आम्ही कोण, बाजारातून आणलेल्या दोन सुट्या बायका? तिथेच घर जातं. एका ठिकाणी पुस्तकांच्या अकरा पेट्या आहेत म्हटल्यावर बाई म्हणाल्या, क्लास नाही हं चालवायचा इथे, पोरं जिन्यात चपला काढतात. परवा मृणाली म्हणाली, "आई, एक घर तरी तू भाषण न करता बघशील का?"

तुला ठाऊक आहे, या मातीवर मी किती बोलले आहे. इथे शेतं होती, मिठागरं होती, गावं होती. विमानतळासाठी ती उठवली तेव्हा उठलेल्यांच्या बाजूनं भर उन्हात टेबलावर उभी राहून मी ओरडले. म्हणाले होते, ज्याला स्वतःच्या घरातून उठवलं तो दुसऱ्याला कधी दारातून परतवणार नाही. टाळ्या पडल्या होत्या. मला ते तेव्हा खरंच वाटत होतं. आज मोबदल्यात मिळालेल्या प्लॉटांवर त्याच लोकांच्या पाच-पाच मजली इमारती आहेत, आणि मी त्यांच्याच दारातून एकवीस वेळा परत आले आहे. मी त्यांना दोष देऊ शकत नाही, सुशील, आणि दिल्यावाचून राहवतही नाही.

पेणजवळ हमरापूरला माहेरी जावं तर हे दिवस गणपतीच्या कामाचे. घरात जमिनीपासून माळ्यापर्यंत मूर्ती. आईची खाट पडवीत आहे, नितेश आणि त्याची बायको अनिता ओट्यावर निजतात. पाय ठेवायला जागा नाही, आणि ठेवली तरी पहाटे पाचला तिथून उलव्यात कसं पोचणार?

गेल्या रविवारी मात्र घर मिळालंच होतं. मालक केरूशेठ. दोन खोल्या, स्वयंपाकघराला खिडकी. त्यांनी मला ओळखलं. म्हणाले, "ताय, तुमी बोलल्या म्हनून आमच्या पदरात प्लॉट पडला, ह्ये मी नाय इसरत." नवरा कुठे, हे त्यांनी विचारलंच नाही. त्यांच्या बायकोनं, बायजाबाईंनी, चहा केला आणि काचेच्या कपाटातला गणपती मोठ्या कौतुकानं दाखवला. मुलानं आणलेला, खास ऑर्डरचा. आणि मी, हमरापूरची मुलगी, सात वर्षांची असल्यापासून डोळ्यांची आखणी करत वाढलेली, बघता बघता बोलून गेले की आखणी घाईची आहे, डावा डोळा खाली उतरलाय, देव एका बाजूनं झोपलाय. आमच्या घरी हे कोणी कोणालाही म्हणतं. ते ऐकून कोणी रागावत नाही, मूर्ती उचलून पुन्हा पाटावर घेतात. बायजाबाईंनी मात्र कपाट बंद केलं. माझ्या हातातला कपही घेतला, त्यात चहा होता.

परतताना तू आठवलास. धाटावच्या कारखान्यात त्या कामगाराचा हात मशीनमध्ये गेला आणि मी तुझ्याच कंपनीच्या गेटवर उभी राहून बोलले, त्या संध्याकाळी तूही अशीच भांडी आवरत होतास. मग एवढंच म्हणालास, एकदा तरी मला विचारायचंस. मी म्हणाले, खरं बोलायला परवानगी लागत नाही. सहा वर्षांच्या मुलीला घेऊन मी पेणच्या एसटीत बसले. त्या माणसाला भरपाई मिळाली आणि तुझं प्रमोशन गेलं. आजही मी गेटवर बोलले असते. पण तुला विचारलं असतं. हे मी कोणत्याही सभेत कबूल केलेलं नाही.

काल केरूशेठांचा फोन आला. म्हणाले, "ताय, घर तुमालाच द्याचा माझ्या मनात हाय. पन घरची म्हनते, बाईवर कोनाचा धाक नाय. मिस्टरांना घेऊन या, सही त्यांची होऊ दे, मंग बोलू." धाक! वीस वर्षं मी ज्या शब्दाविरुद्ध घसा फोडला, तोच शब्द कानाशी धरून मी उभी होते. समोर मृणाली शिफ्टवरून येऊन बुटांसकट भिंतीला टेकून झोपली होती. मी म्हणाले, आणते. त्यांनी विचारलं, कुठे असतात? मी म्हणाले, रोह्याला शिफ्ट असते, दर आठवड्याला घरी येतात. किती सहज म्हणाले! आपण घटस्फोटासाठी कधी कोर्टात गेलो नाही, म्हणजे खोटं तसं अर्धंच आहे, असं मी रात्रभर स्वतःला पटवत होते. त्यांनी रविवारी अकराची वेळ दिली आणि करारासाठी नाव विचारलं. मी तुझं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. तेव्हा मी तुला विचारते आहे असं समजू नकोस. विचारायची वेळ मी यंदाही चुकवली. आधारकार्ड घेऊन ये. वडखळला उतरलास तर नितेश तुला तिथून गाडीनं आणेल. फोन ठेवला तेव्हा मृणाली जागी होती. तिनं विचारलं, "बाबा येतो म्हणाला?" मी हो म्हटलं.

रविवारपुरती का होईना, तुझीच,
निशिगंधा