पोत्यापाशी बसलेलं गाव

अण्णा, परवा आपल्या गावचा एक तरुण ग्रामपंचायत सदस्य माझ्या चिखलीच्या घरी आला होता. पेढे घेऊन आला, तिथेच मला शंका आली. वेशीवर नवी कमान होतेय, तिच्याशेजारी गावाचा इतिहास सांगणारा फलक लावायचाय आणि त्यात तुमचं नाव घालायचंय, असं म्हणाला. मजकूर त्याने मोबाइलवर दाखवला. 'भाताची गिरणी सुरू करून ज्यांनी या गावाला गाव केलं, ते अत्यंत प्रामाणिक गिरणीमालक', आणि पुढे तुमचं नाव. "ताई, तुम्ही फक्त हो म्हणा, बाकी सगळं आम्ही बघतो." मी मात्र 'प्रामाणिक'वर अडकले. तुम्ही होता तेव्हा हा शब्द तुमच्यासाठी कुणी वापरलेला मी ऐकला नाही. आता एकाएकी गावाला एवढा पुळका कशाने आला? बंद गिरणीची शेड अजून माझ्या नावावर आहे आणि गावात गाड्या लावायला जागा उरलेली नाही, हे मला चांगलं माहीत आहे. विचार करून सांगते म्हणाले आणि पेढे शेजारी देऊन टाकले.

गावाला गाव केलं हे मात्र खरं आहे. फक्त ते कसं झालं ते फलकावर कुणी लिहिणार नाही. तुम्ही इंजिन आणून हलर, म्हणजे भात सडायचं यंत्र, बसवला तेव्हा रस्त्याच्या कडेला चार घरं होती, असं तुम्हीच सांगायचा. दिवाळी झाली की पश्चिमेकडच्या गावांतून भाताच्या गाड्या यायच्या. माझ्या आठवणीत बैलगाड्याही आहेत आणि टेम्पोही. "पोती ठेवून जा, संध्याकाळी तांदूळ न्या," असं तुम्ही म्हणता, समोरचा माणूस नुसता हसतो आणि आपल्या पोत्यावर नीट मांडी घालून बसतो. कुणी म्हणजे कुणी पोतं सोडून गेलं नाही. आता बसलेल्या माणसाला चहा लागतो, म्हणून चहाचं दुकान आलं. चहा पिऊन झाल्यावर नुसतं किती बसणार, म्हणून न्हावी आला, मग शिंपी आला. बायकाही बसायच्या, म्हणून चाकणहून एक मुसलमान जोडपं बांगड्या घेऊन यायला लागलं आणि पुढे तिथेच राहिलं. मग एसटीचा थांबा झाला. कंपन्या आल्या तेव्हा कामगारांना तयार बाजारपेठच मिळाली, त्यांनी तिथेच खोल्या घेतल्या. आज रस्त्यावर पाय ठेवायला जागा नाही. हे सगळं उभं राहिलं ते लोकांचा तुमच्यावर विश्वास नव्हता म्हणून.

आणि का असावा? आपल्याला वीतभर शेत नव्हतं, पण घरात भात कधी संपला नाही. तांदूळ मालकाचा आणि खाली पडेल तो कोंडा गिरणीचा, असा रिवाज होता. कोंड्यात तुटलेल्या तांदळाची बारीक कणी असायची. आई अंगणात बसून तो कोंडा चाळायची, पाखडायची, आणि त्या कणीचा मऊ भात आपण रोज खायचो. मला तो फार आवडायचा. मग एक दिवस शाळेतली एक मुलगी म्हणाली, "तुज्या घरात आमचा भात शिजतो." त्या संध्याकाळी आई चुलीपाशी होती, तुम्ही नुकते पाटावर बसला होता. मी सरळ विचारलं, "अण्णा, तुम्ही लोकांचा तांदूळ काढता का?" आईच्या हातातला डाव तसाच राहिला. तुम्ही ताट बाजूला सारलं. मला वाटलं आता मार बसणार. तुम्ही एवढंच म्हणालात, "उद्या शाळेत जाऊ नकोस. लोकांत बस आणि बघ."

मी बसले. पट्ट्याची खडखड, भुशाची धूळ, नाकाला पदर लावलेल्या बायका. प्रत्येकाची नजर तुमच्या हातांवर, आणि त्या दिवशी माझीही. तुम्ही एकदाही माझ्याकडे पाहिलं नाहीत. संध्याकाळी घरी आल्यावर विचारलंत, "काय दिसलं?" मी म्हणाले, काही नाही. "मग जेव." त्या वेळी माझं समाधान झालं. पुढे मोठी झाल्यावर ते पार गेलं, कारण हलरच्या आत एक लोखंडी पट्टी असते हे मला कळलं. ती जरा आवळली की तांदूळ पांढरा निघतो, पण तुटतोही जास्त, आणि तुटलेला खाली कोंड्यात पडतो. म्हणजे पोत्याला हात न लावताही पोतं हलकं करता येतं. मात्र भात उन्हात जास्त वाळला असला तरीही तो तसाच तुटतो, आणि लोक तर तो चांगला कडकडीत वाळवून आणायचे. तुटलेली कणी हातात घेऊन ती कुणामुळे तुटली हे सांगता येत नाही. मी आज चाकणच्या कंपनीत बाहेरून आलेले सुटे भाग तपासते. एखादा भाग परत पाठवला की वर्कशॉपवाला म्हणतो, "ताई, आमच्याकडून ओके गेला होता, तुमच्याकडे उतरवताना लागला असंल." मी त्याच्याकडे बघते आणि मला तुम्ही दिसता. मग मी त्याचा पुढचा सगळा मालही उघडून बघते. कंपनीत मला संशयी बाई म्हणतात, ते मला ठाऊक आहे.

तर काल मी गावात गेले. चहाच्या दुकानवाल्या मावशी अजून आहेत. दुकान आता नातवाकडे आहे, त्या आत खाटेवर असतात. त्यांच्या सासरचा भात आपल्याकडेच यायचा, आणि तो आला की नवऱ्याला स्टोव्हपाशी बसवून त्या स्वतः पोत्यापाशी जाऊन बसायच्या, हे मला आठवत होतं. मी आडपडदा न ठेवता विचारलं, "मावशी, अण्णा चोरी करायचे का?"

"मला तर दरसाल वाटायचं," त्या म्हणाल्या. "घरी जाऊन मोजलं की कमीच भरायचं."

"मग दुसऱ्या गिरणीत का नाही गेलात? नदीपलीकडे होती की."

"व्हती. लई चांगला मानूस. पोती टाकून जायची आन् सांजच्याला न्यायची, एक दाना कमी न्हाई."

"मग?"

"मग तितं बसायचं कशाला? आमी हितं यायचो. दिवसभर तुज्या बापाला शिव्या घालायच्या, सोयरिकी जुळवायच्या, पोरींची सुखदुख्खं ऐकायची. वरसातनं तेवढाच येळ बाईमानसाला बसाया मिळायचा, आन् कोन उठ म्हनायचं न्हाई. राखन करतीया म्हनायचे."

"म्हणजे ते चोर होते की नव्हते?"

"आता काय करायचंय पोरी त्याचं? ग्येला मानूस. चांगलाच व्हता म्हनायचं."

येताना मी मुद्दाम नदीपलीकडून आले. त्या चांगल्या माणसाच्या गिरणीच्या जागी झुडपं आहेत. बाजूला दुकान नाही, घर नाही. मी स्कूटर बंद करून जरा वेळ तिथे थांबले, आणि मला तुमची इतकी आठवण आली की रडू आवरेना.

आज सकाळी मी त्या सदस्याला फोन केला. नाव घाला, 'प्रामाणिक' काढा, असं सांगितलं. तो गांगरला. "ताई, स्वतःच्या वडिलांबद्दल कुणी असं बोलतं का? लोक काय म्हणतील?" लोक काहीच म्हणणार नाहीत, हीच तर अडचण आहे. तुम्हाला पाहिलेली बहुतेक माणसं गेली, नव्या भाडेकरूंना गिरणी म्हणजे काय ते माहीत नाही, आणि मावशींनीसुद्धा तुम्हाला माफ करून टाकलंय. फलकावर तो एक शब्द लागला की तुमचा निकाल लागला, मग तुमच्यापाशी थांबायचं कुणालाच कारण उरत नाही. त्याला मी काही सांगितलं नाही. तुम्हाला सांगते. मला अजून उठायचं नाही, अण्णा.