इडलीपात्रातलं वायरलेस

अप्पा,

शनिवारी दुपारी तुमचा सिनेमा पाहिला. पहिल्यांदाच, पाट्यांपासून शेवटपर्यंत. घरी तुम्ही तो इतक्यांदा सांगितला होतात की पाहायची गरज आहे असं कधी वाटलं नाही, आणि पुढे इच्छा उरली नाही. जुने तामिळ सिनेमे जपणाऱ्या एका लहानशा संस्थेने तो साफसूफ करून मइलापूरच्या एका हॉलमध्ये दाखवला. साठ-सत्तर माणसं होती, बहुतेक माझ्याहून लहान. तुम्ही लोक ज्यांना 'सीआयडी पडम' म्हणायचात त्यातलाच हा एक: काळ्या चष्म्याचा नायक, टकला खलनायक, डोंगराच्या पोटात त्याचा अड्डा, आणि दर दहा मिनिटांनी तुमच्या हातची एक जादूची वस्तू. नायकाच्या आईच्या स्वयंपाकघरातलं इडलीपात्र उघडतं, इडल्यांच्या जागी चार रंगीत दिवे लुकलुकतात आणि दिल्लीहून मोठे साहेब बोलू लागतात. म्हातारी पदराला हात पुसत येते आणि म्हणते, "आधी इडल्या होऊ द्या, मग देश वाचवा." छत्रीच्या काड्या सुटून चोरांचे शर्ट भिंतीला खिळवतात. वीणेच्या भोपळ्यातून धूर निघतो आणि अड्ड्यातले सगळे पहारेकरी ओळीने झोपी जातात. हॉल हसून लोळत होता. ते हसणं कुचेष्टेचं नव्हतं, आणि तेच मला जास्त लागलं. त्या लोकांना तुम्ही आवडलात.

सिनेमा संपल्यावर संस्थेतल्या एका मुलीने मला उभं केलं आणि सांगितलं की हे ट्रिक मास्तरांचे चिरंजीव. टाळ्या वाजल्या. टाळ्यांच्या वेळी हात कुठे ठेवायचे ते मला कळत नाही. मग ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "अण्णा, नायकाच्या पासपोर्टावरचा हत्ती पाहिलात? त्याला एकच सुळा आहे. दुसऱ्या एका सिनेमात नोटेवरच्या मोराला तीन पाय आहेत. हे मुद्दाम केलंय ना?" मी हो म्हणालो. "किती गोड!" ती म्हणाली. पुढच्या महिन्यात प्रदर्शन आहे. भिंतीवर तुमचा फोटो लागणार आणि त्याखाली मुलाने लिहिलेलं एक पान. ते पान लिहायला बसलो आणि हे लिहितो आहे.

तामिळमध्ये लिहिलं असतं तर हात भरभर चालला असता. पण तुम्ही बाहेर तामिळ बोलायचात आणि रागवायचात मात्र मराठीत, म्हणून मीही मराठीतच. आपल्या तंजावरकडच्या घरातली मराठी नव्हे, पुस्तकातली. माझी शाळा कायमची सुटल्यावर, मद्रासजवळच्या आवडी गावात आपण राहायचो त्या क्वार्टर्समध्ये सातारच्या एक बाई होत्या, त्यांच्याकडे मी ही लिहायला शिकलो. अजूनही शंका आली की शब्दकोश काढतो. लोकांना वाटतं मी शिकलेला आहे. शाळेत मी किती गेलो ते तुम्हाला ठाऊक आहे.

तुमच्या धंद्याचे दोन नियम होते आणि ते तुम्ही जेवताना सांगायचात. पहिला असा की कॅमेऱ्याला जेवढं दिसतं तेवढंच करायचं, मागे लाकूड उघडं राहिलं तर राहू दे. दुसरा तुमच्या उस्तादांनी शिकवलेला. सिनेमासाठी पासपोर्ट, नोट, सरकारी शिक्का, काहीही केलं तरी त्यात एक चूक ठेवायचीच. उद्या पोलीस आले तर तिच्यावर बोट ठेवून म्हणता येतं, साहेब, हा खेळातला कागद आहे. "मी खोटं बनवतो रे, लबाडी करत नाही," असं म्हणून तुम्ही ताक मागायचात.

पहिला नियम आईच्या वाट्याला आला. त्या सिनेमांची हौस चार-पाच वर्षांत ओसरली, मग देवांचे मुकुट, मग तेही नाही. मी झालो तेव्हा तुमचे केस पिकले होते आणि जादू करायला घर तेवढं उरलं होतं. मद्रासेतल्या वेलचेरीच्या घरात तुम्ही फिरती भिंत केलीत. कळ दाबली की स्वयंपाकघराची फळी गर्रकन फिरायची आणि मसाल्याचे डबे पुढे यायचे. पाहुणे बोटं तोंडात घालायचे. तिसऱ्या आठवड्यात ती अर्ध्यात अडकली. आई चुलीपाशी उभी आहे, दूध वर येतं आहे. "काप्पीची पूड आत राहिली. आता काप्पी कशी घालू?" तुम्ही हसता. "शेजारून आण. अशी भिंत अख्ख्या मद्रासेत कोणाकडे आहे?" ती म्हणते, "पाहुण्यांना पुढली बाजू, मला मागली. चुम्मा, उगीच टाळ्या वाजवत बसा." ती भिंत शेवटपर्यंत अर्ध्यातच होती. आई हात तिरका करून कॉफीचा डबा काढायला शिकली.

आणि तो पेन. मी नऊ वर्षांचा झालो तेव्हा दिलात. टोपण फिरवलं की हिरवा दिवा लागायचा. यात बोल, म्हणालात, मुख्यालयाला ऐकू जातं. मी कपाटाआड बसून बोलायचो आणि कुठूनसा घोगरा आवाज यायचा, "बोला एजंट, ऐकतो आहे." तो आवाज तुमचा आहे हे मला कळत होतं, तरी पडद्यामागे पाहायचं नाही असं मी ठरवलं होतं. त्या आठवड्यात मी तुमच्याशी जितकं बोललो तितकं पुढे कधी बोललो नाही. फळ्यासमोर उभं केलं की माझे पाय थरथरतात, एकदा चड्डी ओली झाली होती, हेही मुख्यालयाला सांगितलं. रविवारी तुमचे जुने दोस्त आले. तुम्ही माझा आवाज काढून सगळं म्हणून दाखवलंत, पाय थरथरवूनसुद्धा. नक्कल उत्तम होती. मीही हसलो, कारण सगळे हसत होते.

आता दाखल्याचं. मी आठवी पास झालो आणि आपण आवडीला मामाच्या क्वार्टर्समध्ये जायचं ठरलं. जुन्या शाळेने टीसी दिला होता. निघायच्या आधीच पुराचं पाणी घरात शिरलं आणि ट्रंकेतल्या कागदांचा लगदा झाला. आवडीच्या शाळेने मला नववीत बसू दिलं आणि सांगितलं, दुसरी प्रत आणून द्या. तुम्ही एकदा वेलचेरीला गेलात. हेडमास्तरांनी तासभर बाकावर बसवलं आणि अर्ज घेऊन पुढच्या आठवड्यात या म्हणाले. घरी येऊन तुम्ही चपला भिरकावल्यात. "नसलेल्या सहा देशांचे पासपोर्ट केलेत मी! हा मला पुढचा आठवडा सांगतो?" आई म्हणाली, "जा की पुन्हा. पोराचं काम आहे." तुम्ही गेला नाहीत. दोन दिवस खिडकीपाशी बसून रबर कोरलंत, चहाच्या पाण्यात कागद बुडवून वाळवलात, हेडमास्तरांची सही केलीत. त्या दोन दिवसांत तुम्ही गाणी म्हणत होता. इतक्या वर्षांनी हाताला काम मिळालं होतं.

जुन्या शाळेच्या शिक्क्यात समई होती, पाच वातींची. तुमच्या समईला चार वाती होत्या. हात नियमाप्रमाणे चालला. खऱ्यासारखा खपायला हवा असा एकच कागद तुम्ही आयुष्यात केलात, आणि त्यातही पोलिसांसाठी चूक ठेवलीत. त्याच पाण्यामुळे आमच्या जुन्या शाळेतली आणखी एक मुलगी आवडीला आली होती. कारकूनबाईंनी दोन्ही दाखले शेजारी शेजारी ठेवले.

मुख्याध्यापिकेच्या खोलीत पंखा हळू फिरतो आहे. टेबलावर दोन कागद. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घातला आहे. त्या विचारतात, हे कोणी केलं? मी तुमच्याकडे पाहतो. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवता आणि तामिळमध्ये म्हणता, "मॅडम, पोराचा हात माझ्यावर गेलाय. कागद हरवला म्हणून घाबरला असेल, केलं खेळता खेळता." त्या म्हणतात, "तेरा वर्षांचा मुलगा शिक्का कोरतो?" आणि तुम्ही, अप्पा, तुम्ही तेव्हाही हसून म्हणता, "काम चांगलं आहे, नाही का?"

परत येताना स्टेशनबाहेर मला तळलेलं गोड सुखियन खायला घेऊन दिलंत. "चुम्मा रडू नको. लहान मुलाला कोण आत टाकतं? मला टाकलं असतं. पुढच्या वर्षी दुसऱ्या शाळेत घालतो, सरि?" मी सरि म्हणालो. हिशेब चुकीचा नव्हता. पण मुख्याध्यापिकेने मला शाळेतून काढलं, वेलचेरीच्या शाळेलाही कळवलं, आणि 'दाखला बनवणारा मुलगा' म्हणून तिथून पुढे प्रतच मिळेना. पुढच्या वर्षी तुमची छाती धरली. त्याच्या पुढच्या वर्षी तुम्ही गेलात. मरायच्या आदल्या आठवड्यातही इस्पितळात समोरच्या खाटेवरच्या माणसाला इडलीपात्राची गोष्ट सांगत होतात. माझं नाव घेऊन एकदा तरी काही म्हणाल म्हणून मी पायाशी बसून होतो.

मी ओरगडमला एका कारखान्यात कामाला आहे, कंत्राटावर. गाड्यांच्या डॅशबोर्डची मागची बाजू तपासतो, जी कोणाला दिसत नाही. अकरा वर्षांत माझ्या हातून एकही सदोष तुकडा पुढे गेलेला नाही. माझ्यामागून आलेले तिघे सुपरवायझर झाले. फॉर्मवर दहावीचा रकाना आला की मी तिथे रेघ मारतो. साहेब म्हणतात, "अरे, लिही काहीतरी, कोण पाहतं?" मी लिहीत नाही.

त्या मुलीला आज चार ओळी पाठवल्या. तुमचा जन्म तंजावरचा, उस्ताद कोण, सिनेमे कोणते, आणि प्रत्येक शिक्क्यात एक चूक ठेवायची पद्धत. तिला हवं होतं तेवढंच. तिचं लगेच उत्तर आलं, फार सुंदर, आणि एक हृदय. हे पान भिंतीवर जाणार नाही. तुम्हाला तरी ते कुठे पाठवू? कपाटात ठेवीन, बायकोच्या हाती लागणार नाही असं.

पण वीस वर्षं मी तुमच्यावर जो राग धरला, त्यातली एक गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. दाखला तुम्ही सकाळी माझ्या हातात दिलात आणि मी एकटाच शाळेत निघालो. वाटेत रेल्वेचं फाटक बंद होतं. मी पिशवीतून कागद काढला आणि वाती मोजल्या. चार. पुन्हा मोजल्या. घर सात मिनिटांवर होतं, तुम्ही दारात पेपर वाचत बसला होता. परत येऊन सांगितलं असतं तर हसला असता आणि तासाभरात दुसरा शिक्का कोरला असता. गाडी गेली, फाटक उघडलं. मला वाटलं, तुमची एखादी वस्तू एकदा तरी चार लोकांसमोर फसावी, आणि मी ती पाहायला तिथे असावं. कागद नीट घडी घालून पिशवीत ठेवला आणि रूळ ओलांडले.