ओंजळभर तळं

डॉक्टर सुनेत्राबाई,

इथे रियाधमधल्या अल मलाझच्या दवाखान्यात तुम्ही म्हणालात, "आजी, गुडघे बदलून घ्या." मी फटकन बोलले, "आता कुठे नाचायला जायचंय मला?"

सुट्टीत मुलगा आम्हाला रियाधहून जॉर्जियाला घेऊन गेला. तिथे उंच डोंगरात बर्फ वितळून झालेलं तळं आहे. सून म्हणाली, "आई, तुम्ही हॉटेलातच बसा." मग तर चढणं भागच होतं. काठी टेकत, सगळ्यांना शिव्या घालत चढले.

वर पोचले, तर समोर तळं. नीळ कालवल्यासारखं पाणी, आणि त्यात अख्खा बर्फाचा डोंगर उलटा उभा. वारासुद्धा पाय न वाजवता चालत होता. मी बूट काढले. पाणी डोळ्यांना लावायला वाकले, तर गुडघे वाकेनात. शेवटी नात अवनी ओंजळ भरून धावत आली. "आजी, क्विक! फ्रीझिंग आहे!" माझ्यापर्यंत चार थेंब पोचले.

एवढं तळं समोर, आणि मला चार थेंब?

हे पत्र तुम्हाला देणार नाही, नाहीतर "मी सांगत नव्हते?" म्हणून मिरवाल. उद्या येऊन एकच विचारेन, नवे गुडघे पाण्यापर्यंत वाकतात ना? वाकत असतील तर दोन्ही बदला.

तुमची तोंडाळ पेशंट,
आनंदीबाई