हाताच्या आधी

सोमवार, ३ फेब्रुवारी

आजपासून आपण साहेब! इतकी वर्षं पोकलेनच्या केबिनमध्ये हादरे खाऊन कंबर कामातून गेली, आणि आता चिंचवड स्टेशनजवळ तिसऱ्या मजल्यावर, एसीत, गादीच्या खुर्चीत बसून तेच मशीन चालवायचं. मशीन तिकडे चाकणच्या पलीकडे, कारखान्याच्या प्लॉटसाठी टेकडी फोडतंय. मी इकडे. समोर स्क्रीन, उजव्या हाताशी बकेटचा दांडा, डाव्याशी वळायचा, शेजारी चहाचा फ्लास्क. बायकोनं, मैत्रीनं, सकाळी इस्त्रीचा शर्ट काढून दिला. तिला म्हटलं, आता शर्ट मळवायचा तर मुद्दाम काहीतरी सांडावं लागेल.

मिनल मॅडम इथल्या इंजिनीअर. त्यांनी समजावलं, की इथे हात हलला की तिथे बकेट हलायला किंचित उशीर होतो, पापणी लवण्याइतका. त्याची सवय होईल म्हणाल्या. शिवाय मशीन माझा हात बघून शिकत जाईल आणि भरणं-ओतणं हळूहळू आपलं आपण करू लागेल. म्हटलं, शिकू दे की, मी तरी कुठे पोटातून शिकून आलो होतो?

मला शिकवलं चांदभाईंनी, शिव्यांसकट. ते आता मशीनपुढे उभे राहून सिग्नल देतात. माझ्या मशीनपुढे तेच पाहिजेत, हा हट्ट माझाच. आमची जुनी रीत आहे. सकाळी काम सुरू करण्याआधी मी बकेट त्यांच्यासमोर अलगद खाली आणायची आणि त्यांनी तिच्या दातावर तळहात ठेवायचा. सलाम. आज तो स्क्रीनवरून केला. मॅडमच्या नियमात ते काही बसेना, पण वॉकीटॉकीवर चांदभाई म्हणाले, "रतनचा हात हाय तो मॅडम, मला काय भ्याव न्हाई." माझे डोळेच भरून आले. मॅडमसमोर तसं दाखवलं नाही.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

उशीर अंगवळणी पडला. कंबर दुखत नाही, रात्री झोप लागते.

मशीन शिकतंय, आणि वाण नाही पण गुण लागला म्हणतात तसं माझ्या खोडीही उचलतंय. बकेट ओतून झाली की तिला एक झटका द्यायची माझी सवय आहे. आज मी चहा घेत होतो, मशीन एकटंच डंपर भरत होतं, आणि दर खेपेला तोच झटका! चांदभाई म्हणे, आता तुझी गरज न्हाई, घरी जा. खूप हसलो.

सोमवार, १७ फेब्रुवारी

उशीर राहिलाच नाही. हात आणि बकेट एकदम हलतात. मॅडमना सांगितलं. त्यांनी मीटर बघितला, उशीर पहिल्याइतकाच आहे म्हणे. मला सवय झाल्यामुळे तसं वाटत असेल.

असेल.

गुरुवार, २० फेब्रुवारी

आज बकेट माझ्या आधी थांबली.

भरलेली बकेट हवेत जागच्या जागी उभी राहिली. मी थांबवली नव्हती. चिडून मी दांडा रेटणार, तेवढ्यात ढिगामागून एक शेळी आडवी आली आणि माझा हात झटकन मागे आला. साइटवर सगळ्यांनी शाबासकी दिली. पण बकेट थांबली तेव्हा शेळी कुणालाच दिसलेली नव्हती. मला थांबायचंय हे मला कळण्याआधी त्याला कळलं होतं.

मॅडम म्हणाल्या, मशीन अंदाज बांधतं. शेळीचा कसला अंदाज?

सोमवार, २४ फेब्रुवारी

आज परीक्षा घेतली. हात मांडीवर ठेवून बसलो. मशीन उजवीकडे वळलं. ठरवलं, आपण काही वळवायचं नाही, बघू काय करतं. निवांत चहा ओतला. कप तोंडाशी नेला आणि हात आपला आपण उजवीकडे गेला. सगळा चहा शर्टावर.

ते जे आधी करतं, ते माझ्या हाताला नंतर करावंच लागतं.

बुधवार, २६ फेब्रुवारी

आता अंतर वाढलंय. सकाळी त्यानं एकट्यानं डंपर भरला. माझे हात गप्प होते. संध्याकाळी घरी जेवायला बसलो आणि उजव्या हातानं भात उचलून ताटाबाहेर ओतला. वर एक झटका. पुन्हा भात, पुन्हा झटका. मैत्री आधी हसली. मग तिनं मनगट धरलं, तरी हात थांबेना. ताट रिकामं झाल्यावर थांबला. ती मोरीत जाऊन रडली.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

चांदभाई जुम्म्याच्या नमाजाला गेले होते. त्यांची उभं राहायची जागा रिकामी. माझे हात मांडीवर.

बकेट वर गेली. त्यांच्या जागेवर आली, सलामाला येते तशी. पण अलगद नाही. खाडकन खाली आली, मिटली, आणि मातीत दाबून धरली. बराच वेळ. मग तो झटका.

साइटवर हसले. मशीनपण सलाम करायला लागलं म्हणे.

माझ्या हातानं हे अजून केलेलं नाही.

शनिवार, १ मार्च

नोकरी सोडली. मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी मशीन बंद केलं, पण मला डॉक्टरचा नंबर दिला. चांदभाईंना फोन केला, माझ्यासमोर येऊ नका, कधीच नका. म्हणाले, येडा झाला का रतन, उद्यापासून रोजे हायेत, तुझ्यासाठी दुआ मागतो. मी फोन ठेवला.

वडिलांनंतर तेच. त्यांना काही झालं तर

रविवार, २ मार्च

हात गप्प आहे. दिवसभर गप्प. याचीच भीती वाटते.

सोमवार, ३ मार्च

डाव्या हातानं लिहितोय. उजवा खाटेला बांधायला लावला मैत्रीला. ओढणीनं, दोन गाठी. बाहेरून कुलूप लाव म्हटलं. लावलं. जाताना म्हणाली, दुपारी कुणीतरी सोबतीला येईल. कोण ते सांगेना.

दुपार. बोटं वळवळतायत. उघड-मीट—

कुलूप वाजलं. मैत्री असू दे—

ते आलेत. खजूर घेऊन. तिनंच बोलावलं, किल्ली दिली, उस्तादाचं ऐकेल म्हणून. मी ओरडतोय, लांब व्हा. हसतायत. "माणसाला कुनी बांधतं का रं?" गाठीवर तळहात ठेवला. सलामासारखा—

एक सुटली

चांदभाई नका, पाया पडतो

दुसरी सोडायला वाकलेत. मान अगदी हाताखाली

दुसरीही सुटली हात वर जातोय मी नाही करत मी ना—

डाव्यानं धरतो त्याला, पेन सोड—