बिटाचं ऑम्लेट

तीर्थरूप आईंना,

जावयाचा दंडवत. तुमचा गुडघा बरा असेल. नसेल तर निदान माझ्या संसारापेक्षा तरी नीट चालत असेल. इथे सगळं उत्तम आहे, काळजीचं काही कारण नाही.

म्हणजे शाळेतल्या नर्सबाईंनी तुमच्या नातीला, आपल्या मुंगीला, काट्यावर उभं केलं आणि म्हणाल्या, दुसरीतली मुलगी बालवाडीतल्या पोरीएवढी भरते, अंगात रक्तही कमी आहे; तेवढं सोडून. तिची आई गेल्यापासून मुंगी बिस्किटांवरच जगतेय, हे मलाही दिसत होतं. पण मी सुतार माणूस, बिघडलं की दुरुस्त करायचं एवढंच कळतं, म्हणून कंबर कसली. आधी गाजराच्या काड्या अशा तासल्या, की खिळा न मारता खुर्ची उभी राहावी. (मुंगीने खरंच उभी केली. खाल्ली नाही.) मग भाताचा चेहरा केला, त्याला टोमॅटोचे डोळे लावले. टोमॅटोला पाणी सुटलं. "बाबा, हा रडतोय, ह्याला कसं खाऊ?" म्हणाली आणि बोटानं त्याचे डोळे पुसत बसली. तो भात मग मलाही खाववेना.

शेवटी डब्यातल्या ऑम्लेटमध्ये बीट किसून लपवलं. तिनं शाळेत दोन घास खाल्ले, दात लालभडक झाले आणि वर्गबाईंना वाटलं, तोंडातून रक्त येतंय. फोन आला तसा मी केसांत भुसा घेऊन धावत सुटलो. नर्सबाई कापसानं तिचं तोंड पुसतायत आणि मी दारातून ओरडतोय, "बीट आहे हो ते, बीट!" (मागे निम्मी शाळा गोळा.) वर्गबाई हसू दाबत मुंगीला म्हणाल्या, "चांगलंच आहे की! भाज्या खाल्ल्या की माणूस आजारी पडत नाही."

मुंगी म्हणाली, "आई सगळ्या भाज्या खायची."

मी तिच्यापुढे खाली बसलो. म्हटलं, "खरंय गं. भाजीनं सगळं थांबत नाही. भूक तेवढी थांबते."

तिनं दातांवरून जीभ फिरवली. मग विचारलं, "ते लाल उरलंय का?"

डब्यातलं गार ऑम्लेट तिनं माझ्यासमोर संपवलं. (माझं नाक वाहत होतं, भुशामुळे, असं मी नर्सबाईंना सांगितलं.) तेव्हापासून थोडं थोडं खाते. तेव्हा एवढ्या लांब यायची तसदी घेऊ नका.

आपला,
जावई

ता. क. येऊ नका असं लिहिलं, ते रीत म्हणून.

आणखी एक. मुंगी रोज संध्याकाळी विचारते, "बाबा, तू जेवलास?" मी हो म्हणतो. काल तिनं उठून पातेल्यावरचं झाकण काढून पाहिलं, भात तसाच होता, आणि माझं ताट वाढायला घेतलं. आई, या. तिला मी भरवीन. मला जेवायला बसवायचं काम त्या एवढ्याशा पोरीवर नको.