मोतीबिंदूचा ऑनलाइन नंबर

३ नोव्हेंबर, रेवस
आजपासून रोज लिहिणार. आईचा मोतीबिंदू पिकलाय. मुंबईच्या हॉस्पिटलची साइट सकाळी नऊला उघडते आणि डोळ्यांचे नंबर चहा निवायच्या आत खलास. पण मी ऑटोमेशनवाला माणूस! स्क्रिप्ट लिहिली. तीच ब्राउझर उघडणार, तीच फॉर्म भरणार, तीच बटण दाबणार. बायको म्हणाली, अहो, हातानेच भरा ना. हेमालीला टेक्नॉलॉजीतलं काही कळत नाही.

४ नोव्हेंबर
नंबर गेले. अख्खं पान लोड होईपर्यंत स्क्रिप्ट वाट बघत बसली. पानावर काय, तर ट्रस्टींचे फोटो! ट्रस्टींची तोंडं बघून कुणाचा मोतीबिंदू गेलाय? उद्या फोटो बंद.

५ नोव्हेंबर
फोटो बंद केले. ‘पुढे जा’ हे बटणसुद्धा फोटोच निघालं. साइट बनवणाऱ्याच्या नानाची टांग!

७ नोव्हेंबर
काल लिहिलं नाही. मूड नव्हता. बटण आलं, तरी उशीर. प्रत्येक स्टेपनंतर ‘पाच सेकंद थांब’ अशी ओळ आहे. ती मीच घातलेली, पण सावध माणूस घालतोच. आईने निवडलेल्या सुकटीत खडा राहिला, माझी दाढ ठणकतेय. आई म्हणते, आता मानसं आवाजावरनंच वळखाची.

१० नोव्हेंबर, सकाळी ८.४०
‘थांब’च्या सगळ्या ओळी उडवल्या. बटण दिसलं की दाबायचं. हेमाली म्हणाली, पान नीट उघडू तरी द्या. मी नुसता हसलो.

९.०१
झालं!!! दोन सेकंदांत नंबर! मेसेजही आला. वाचायचा काय त्यात, मीच तर बुक केलाय. हेमालीकडे फक्त बघितलं.

१८ नोव्हेंबर
लाँचने आईला घेऊन गेलो. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, पेशंट कुठाय? मी आईकडे बोट दाखवलं. बाईंनी विचारलं, कितवा महिना?

विभागांच्या यादीत ‘डोळे’ यायच्या आतच स्क्रिप्टने बटण दाबलं होतं. तेव्हा यादीत एकटं ‘प्रसूती’ होतं. मी भांडलो, हातापाया पडलो. उपयोग शून्य. एका पेशंटला महिन्यातून एकच नंबर. लाज वाटली, खूप.

आई चिडली नाही. म्हणाली, बाकावरची पोटुशी पोर उठली रं, मला बसाया जागा दिली, गुणाची हाय. संध्याकाळी रेवसला उतरलो. मी मान खाली घालून भराभरा पुढे निघालो. मागून आईची हाक आली, जरा थांब रं, मला पायरी दिसत न्हाय.