कोंबडा छाप बिस्किटांची पाचशे कुपनं

१४ जानेवारी
पाचशे! आठ मुलांच्या शाळेला पाचशे कुपनं!

ओर्नेलाबाईंनी सकाळी फळ्यावर कागद चिकटवला. कोंबडा छाप बिस्किटांच्या पुड्यावरचं कुपन कापायचं, एकतीस मार्चच्या आत पाचशे पाठवायची, की शाळेला रंगांची मोठी पेटी फुकट. रंग, ब्रश, माती, चित्र लावायचे तीन स्टँड. सध्या आमच्याकडे आहेत पाच खडू आणि एक टकला ब्रश!

पहिलीतल्या जेम्माने स्वतःची बोटं मोजून संपवली. "मावशी, तुमचीपण द्या ना!" मी झाडू खाली ठेवला आणि दिली.

२२ जानेवारी
आर्दुइनो सकाळी — आज मक्याची पोलेंता नाही? म्हटलं, बिस्किटं आहेत. संध्याकाळी — सूप? बिस्किटं आहेत.
"अगं, तू लग्न लाकूडतोड्याशी केलंस की पोपटाशी?"
खाल्ली मात्र. सहा कुपनं.

२ फेब्रुवारी
फादर इलारिओंनी प्रवचनातच सांगून टाकलं. मग दानाची थैली फिरली — आतून नाण्यांबरोबर एकोणीस कुपनं! फादर मला दाराशी म्हणतात, "निवेस, तुझ्या पोरांनी देवालासुद्धा वर्गणी द्यायला लावली." त्यांच्या झग्यावरही बिस्किटाचा चुरा होता.

११ फेब्रुवारी
दोनशे तीन.

२० फेब्रुवारी
मुलं गेल्यावर वर्ग पुसायला गेले तर बाई तशाच बसलेल्या. पुढ्यात शिक्षण खात्याचं पत्र. दहापेक्षा कमी मुलं असतील तर सप्टेंबरपासून शाळा बंद. मुलांनी बसने खाली शहरात जायचं.

एकतीस वर्षं मी ही फरशी पुसतेय. पत्र दोनदा वाचलं. दोन्ही वेळा तेच.

बाई म्हणाल्या, "मावशी, मग आता रंग तरी कशाला?"
मला रागच आला. "जूनपर्यंत पोरं चित्रं काढणार नाहीत का?"
बोलले खरी ठसक्यात. मग बादल्यांच्या खोलीत जाऊन रडले.

३ मार्च
लिहावंसं वाटत नाही. तीनशे एक्केचाळीस.

१७ मार्च
चारशे सहा, आणि गाडी अडली. दुकानातली कोंबडा छाप संपली, नवा माल एप्रिलात. तसंही गावाला बिस्किटाचं नाव नको झालंय. मुलांना अजून पत्राचं काही माहीत नाही. रोज कुपनांचा डबा हलवून बघतात — जणू आत अंडी घालतोय कोंबडा!

२४ मार्च
आज मात्र लिहितेच.

पुलापलीकडच्या गावाशी आमचं पटत नाही. का, ते माझ्या आजोबांनाही सांगता यायचं नाही. तर आज तिथली तेक्ला, पाव भाजणारी, थेट शाळेत आली. माझ्या ओल्या फरशीवरून, चिखलाच्या बुटांनी! मी तोंड उघडणार तोच तिने पत्र्याचा डबा टेबलावर आपटला.

"मोजून घ्या. एकशेवीस आहेत."
मी म्हटलं, आम्हाला कशाला?
"आमची पोरं कापून ठेवतात. सवय. पण आमची शाळा बंद होऊन चार वर्षं झाली. देणार कोणाला?"
"शहरातल्या शाळेला द्या की."
"सहाशे पोरं तिथे. माझ्या नातवाचं नाव अजून तिथल्या बाईंना येत नाही."

कॉफी केली. सवयीने तोंडातून गेलं — "बिस्किट घ्या ना!"
तिने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. मग दोघी अशा हसलो की बाई धावत आल्या.

पाचशे सव्वीस!!

२५ मार्च
पोस्टात टाकलं. आर्दुइनोला पोलेंता. दोन ताटं खाल्ली.

१० मे
पेटी गुरुवारी आली, पण आजपर्यंत उघडू दिली नाही. मी बाईंना म्हटलं होतं, कुपनं पलीकडच्या मुलांचीही आहेत, शनिवारी त्यांनाही बोलवा.

तिघं आली, तेक्लाला चिकटून. दारातच उभी. जेम्मा निळ्या रंगाची अख्खी बाटली घेऊन पुढे — "नाव काय रे तुझं?" तेक्लाचा नातू पुटपुटला, "सान्द्रो." झालं! ती आमच्या बाकीच्या सातही जणांना ओरडून सांगत सुटली, ह्याचं नाव सान्द्रो, ह्याचं नाव सान्द्रो!

दुपारपर्यंत फरशी निळी, फादरांच्या बाह्या पिवळ्या, बाईंच्या कानात माती. तेक्ला आणि मी एकाच बादलीत फडकी पिळत बसलो. घरी गाणं म्हणत आले.
"काय गं, लॉटरी लागली?" — आर्दुइनो.

४ जून
तेक्ला आली. बाईंच्या टेबलावर तीन दाखले ठेवले, शहरातल्या शाळेतून काढून आणलेले. म्हणाली, "सप्टेंबरपासून इथे."
आठ आणि तीन.
बाई उठल्या, बसल्या, परत उठल्या.